घरांतील उष्णतेचा हिशेब

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकालाचें स्मरण करावें आणि ज्यांनीं पाया घातला त्यांचे उपकार आठवावे, अशी रीत आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक योग्य वक्त्यांनीं केलेंच आहे. चालकांनीं आमच्या वांट्यास जो विषय दिला तो अगदींच घरगुती आहे : घरांत वीज आणि इंधन कमी कसें खर्चावें. असला विषय महोत्सवास शोभतो कीं नाहीं, अशी शंका कोणास आली तर त्यांत नवल नाहीं. परंतु दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं सन २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत, नको असलेले दिवे मालविणें आणि खाल्लें जाईल तेवढेंच शिजविणें, अशा बारीकसारीक गोष्टींचा आवर्जून उल्लेख केला आहे. पोपमहाशयांस जें लहान वाटलें नाहीं तें आपणांसहि लहान वाटण्याचें कारण नाहीं. बाहेर लावलेल्या रोषणाईकडे बोट दाखवून कोणी हंसूं मात्र नये. त्या माळांचा हिशेब आम्हीं चालकांकडे मागितलेला नाहीं. आणि पुढें जें सांगणार आहों त्यावरून आपणांस दिसेल कीं, त्या माळा खऱ्या अपराधी नव्हेतच.

प्रथम ही वीज येते कोठून तें पाहूं. आपल्या देशांत उतारूंची पहिली आगगाडी धांवली ती सन १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून आपल्या ठाण्यापर्यंत, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली, हें शाळेंतील मुलेंहि सांगतील. विजेची कथा मात्र तितकी परिचित नाहीं. टाटांच्या कंपनीनें सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचें पाणी अडवून तें मोठमोठ्या नळांतून कोंकणांत सोडलें, आणि त्या पाण्याच्या जोरावर यंत्रें फिरवून सन १९१५ मध्यें खोपोलीस वीज काढली. सन १९२२ मध्यें कर्जतजवळ भिवपुरीस आणि सन १९२७ मध्यें भिऱ्यास तशींच वीजघरें उभीं राहिलीं. रेल्वेनेंहि आपल्या विजेच्या गाड्यांसाठीं सन १९२९ च्या सुमारास ठाकुर्लीस 'चोळा पॉवर हाउस' या नांवानें ओळखलें जाणारें वीजघर बांधलें. तें कोळशावर चालत असे. डोंबिवलीच्या जुन्या रहिवाशांस तें आठवत असेल. आज तें बंद आहे.

यांपैकीं भिवपुरीच्या वीजघराशीं आपलें नातें विशेष निकटचें आहे, आणि तें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. मावळांत ठोकरवाडीच्या धरणांत सांठलेलें पाणी पांचशे मीटरांहून अधिक खालीं उतरून भिवपुरीस यंत्रें फिरवितें, आणि तेथून बाहेर पडून उल्हास नदीस मिळतें. भर उन्हाळ्यांत उल्हास वाहती राहते ती मुख्यत्वेंकरून या पाण्यामुळें. बदलापुरापासून कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यापर्यंतचीं नगरें हेंच उल्हासचें पाणी पितात. कल्याण-डोंबिवलीसाठीं तें मोहिलीस उपसून शुद्ध करतात, मग टाक्यांत चढवितात, आणि शेवटीं आपल्या इमारतीचा पंप तें पुन्हां गच्चीवर नेतो. म्हणजे ज्या पाण्यानें खालीं येतांना वीज दिली, त्यालाच वर चढविण्यास आपण पुनः वीज खर्चितों. न्हाणीघरांत नळ टपकत राहिला तर वायां जातें तें नुसतें पाणी नव्हे, हें यावरून उघड होईल.

विजेचें 'युनिट' म्हणजे काय, हेंहि येथेंच सांगून टाकूं. कारण बिलावर तो शब्द सर्वजण वाचतात, पण त्याचा आकार डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. हजार वॅटचें उपकरण एक तास चालविलें कीं एक युनिट खर्च होतें. आतां त्याच युनिटाकडे उलट बाजूनें पहावें. हजार लिटर पाणी पांचशे मीटर उंचीवरून खालीं आणलें, तर यंत्रांतील घट वजा जातां त्यांतून एक ते सव्वा युनिट वीज निघते. न्हाणीघरांतील दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास तापत राहिला कीं एक युनिट संपतें. तेव्हां तेवढ्या अर्ध्या तासासाठीं सह्याद्रीच्या माथ्यावरील आठ-नऊशें लिटर पाणी खालीं सोडावें लागतें, असें समजण्यास हरकत नाहीं. गच्चीवरची एक काळी टांकी भरून पाणी, आणि तें अर्धा किलोमीटर उंचीवरून! आणि आज आपल्याकडे येणारी बहुतेक वीज तर पाण्याची नसून कोळशाची आहे. चंद्रपूर, कोराडी अशा दूरच्या वीजघरांत एका युनिटामागें अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, तेव्हां ती तारांवरून आपल्या घरीं येते. पाण्याची वीज तरी फुकट मिळाली असें नाहीं. मुळशीच्या धरणाखालीं ज्यांचीं भातशेतें जाणार होतीं त्या मावळच्या शेतकऱ्यांनीं सन १९२१ मध्यें सत्याग्रह केला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. धरण झालेंच, आणि शेतें गेलींच.

विजेची किंमत आपल्या या भागांतील लोकांस कोणी शिकवावी असेंहि नाहीं. सन २००५ नंतरचीं कांहीं वर्षें कल्याण-डोंबिवलींत भारनियमनाचीं गेलीं. वीज जाण्याचें वेळापत्रक कॅलेंडराशेजारीं टांगलेलें असे. गृहिणी त्या वेळापत्रकाप्रमाणें वाटण वाटीत, इमारतीचा पंप त्याप्रमाणें सुरू होई, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलें मेणबत्तीभोंवतीं बसत. जेथें वीजगळती अधिक आणि वसुली कमी तेथें अंधाराचे तास अधिक, असा तेव्हांचा नियम होता; त्यामुळें एका गल्लींत उजेड आणि पलीकडच्या गल्लींत अंधार, असा देखावा दिसे. पुढें पुरवठा सुधारला आणि तें वेळापत्रक भिंतीवरून उतरलें. तथापि सन २०२० च्या १२ ऑक्टोबरला सकाळीं दहाच्या सुमारास कळवा आणि पडघें यांमधील उच्च दाबाच्या वाहिन्यांवर बिघाड होऊन मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई एका क्षणांत थांबलीं. गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. साथीच्या दिवसांत घरीं बसून शिकणाऱ्या मुलांचे वर्ग बंद पडले. ज्या दोन गांवांवरून आपण नित्य जातों-येतों, तेथल्या तारांवर सगळी महानगरी टांगलेली आहे, हें त्या दिवशीं अनेकांस प्रथमच समजलें.

परंतु सक्तीनें आलेला अंधार म्हणजे काटकसर नव्हे. आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं.

आपल्या बहुतेक घरांत काटकसरीचा उपदेश सुरू होतो तो दिव्यापासून. 'खोलींतून बाहेर पडतांना दिवा मालव' हें वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलों. आणि साठ वॅटचा बल्ब घरोघरीं होता तेव्हां तें वाक्य यथार्थहि होतें. परंतु सन २०१५ च्या जानेवारींत केंद्र सरकारची 'उजाला' योजना निघाल्यापासून एलईडी दिवे इतके स्वस्त झाले कीं, आज चाळींतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांतहि नऊ वॅटचा दिवा दिसतो. असा दिवा एका युनिटांत एकशें दहा तास जळतो. दहावींतला मुलगा रोज चार तास अभ्यासास बसला, तर त्याचा जवळजवळ महिन्याचा अभ्यास एका युनिटांत होतो. तेंच एक युनिट गीझर अर्ध्या तासांत फस्त करतो! असें असतां, 'किती वेळ दिवा जाळतोस' म्हणून मुलावर ओरडणारे वडील स्वतः मात्र वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत गीझर चालू ठेवतात, हें दृश्य आम्हीं एका नव्हे, अनेक घरीं पाहिलें आहे.

हें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. चुकीच्या जागीं केलेली काटकसर नेहमीं घरांतल्या दुर्बळाच्या वांट्यास येते. मुलाचा दिवा मालविला जातो; मे महिन्याच्या दुपारीं आजीचा पंखा बंद केला जातो; आणि सुनेनें मिक्सर लावला कीं सासूबाईंच्या कपाळास आंठी पडते. वास्तविक पांचशें वॅटचा मिक्सर पांच मिनिटें फिरला तर एका युनिटाचा अवघा चोविसावा हिस्सा खर्च होतो. पाट्या-वरवंट्याचे गोडवे गाणाऱ्या वडीलधाऱ्यांची क्षमा मागून आम्ही म्हणतों कीं, वाटणाची चव त्यावर अधिक उतरत असेल, पण विजेच्या नांवावर त्या माउलीच्या मनगटांस शिक्षा देऊं नये. ठाण्या-कल्याणच्या दमट उकाड्यांत म्हाताऱ्या माणसाचा पंखा हें तर चैनीचें साधन मुळींच नव्हे. तो बंद करून वांचविलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

खरा हिशेब असा आहे. जें उपकरण उष्णता निर्माण करतें, किंवा घरांतील उष्णता बाहेर काढून टाकतें, तें खादाड. जें नुसता उजेड देतें, बोलतें किंवा फिरतें, तें त्या मानानें अल्पाहारी. गीझर, इस्त्री, विजेची भट्टी, पाण्यांत सोडावयाची तापती कांडी आणि वातानुकूलन यंत्र, हें पहिलें कुटुंब. दिवे, पंखे, रेडिओ, दूरचित्रवाणी, मिक्सर, हें दुसरें. काटकसरीचा डोळा पहिल्या कुटुंबावर ठेवावा. दुसऱ्यास फार छळूं नये.

आंघोळीच्या पाण्यापासूनच आरंभ करूं. पंधरा लिटरांची एक बादली पंचवीस अंशांपासून बेचाळीस अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें तीन दशांश युनिट लागतें. पांच माणसांच्या घरांत दिवसाला दीड युनिट आणि महिन्याला पंचेचाळीस, एवढा हा नुसता आंघोळीचा खर्च झाला. वरून फवारा सोडून दहा मिनिटें उभें राहणाऱ्यानें पांच-सहा बादल्या पाणी अंगावरून जाऊं दिलेलें असतें, हेंहि ध्यानांत घ्यावें. तरुण मंडळी आमच्यावर रागावतील. पण बादली आणि तांब्या यांइतकें काटकसरी स्नानयंत्र अजून कोणीं शोधून काढलेलें नाहीं. गीझरांत पाणी भरून तें दिवसभर गरम राखणें हा तर उघड तोटा आहे. कोणी पाणी न वापरतांहि तें आपोआप निवत राहतें आणि यंत्र तें पुनःपुनः तापवीत राहतें. यासाठीं घरांतल्या सर्वांनीं आंघोळी एकामागून एक उरकाव्या, आणि शेवटच्यानें खटका बंद करून बाहेर यावें. पूर्वीं तांब्याचा बंब पेटवीत तेव्हां हें शिकवावें लागत नसे. निखारे विझण्यापूर्वीं ज्यानें-त्यानें धांव घ्यावी असा तो शिरस्ताच होता. शिवाय आपल्या हवेंत मार्च अखेरपासून पाऊस लागेपर्यंत टांकींतलें पाणी उन्हानें आपणच कोमट होतें. त्या दिवसांत गीझरची मुख्य कळ बंद करून ठेवावी हें उत्तम.

उन्हाविषयीं निघालें म्हणून सांगतों. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेनें नव्या इमारतींवर उन्हानें पाणी तापविण्याचीं यंत्रें बसविणें सक्तीचें केलें, ही गोष्ट आपल्या नगरांस भूषणावह आहे. परंतु यंत्र बसविणें निराळें आणि राखणें निराळें. गच्चीवरच्या नळ्यांत क्षार बसतो, कांचांवर धूळ सांचते, एखादी कांच फुटते, आणि 'पुढच्या सभेंत पाहूं' म्हणतां म्हणतां दोन वर्षें लोटतात. खालीं प्रत्येक घरांत गीझर चालूच असतो. ज्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर असें यंत्र निजलेलें आहे त्यांनीं नवें कांहीं घेण्याआधीं तें जागें करावें. उन्हापासून वीज करण्याच्या कामीं केंद्र सरकारनें सन २०२४ मध्यें 'सूर्य घर' योजना जाहीर केली. तींत स्वतःचें छप्पर असणाऱ्यास तीन किलोवॅटच्या संचासाठीं अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत साह्य ठेवलेलें आहे, आणि सोसायटीच्या पंप, जिना, लिफ्ट या सामाईक कामांसाठीं निराळी सवलत आहे. आपल्या प्रांतांत एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीनें दिवसाला चारेक युनिट देतो. गांवठाणांतील कौलारू घरांस आणि मोठ्या गच्चीच्या जुन्या इमारतींस हें जुळण्यासारखें आहे. उंच मनोऱ्यांत मात्र शंभर बिऱ्हाडांमागें गच्ची एकच, म्हणून तेथें सामाईक कामांपुरतीच अपेक्षा धरावी.

आतां स्वयंपाकघर. येथें आमच्या भगिनींस आम्हीं शिकवावें असें थोडेंच असणार, पण एक गोष्ट अशी आहे कीं ती पिढ्यान्‌पिढ्या हातास ठाऊक असून डोक्यास मात्र ठाऊक नसते. जुन्या मातीच्या चुलीला बाजूस एक दुसरें तोंड असे; त्यास वैल म्हणत. चुलीवर कालवण शिजे, आणि त्याच जाळाची उरलेली आंच वैलांत जाऊन तेथें भात मुरे किंवा पाणी तापे. जाळ एक आणि कामें दोन! गॅसची शेगडी आली, स्वच्छता आली, धूर गेला, डोळे वांचले. परंतु वैल गेलें. चांगल्या शेगडींतहि गॅसच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश भांड्यास लागतच नाहीं. भांडें लहान आणि ज्योत त्याच्या बाहेर पसरलेली, असें असेल तर तोटा याहून पुष्कळ अधिक. आणि आपल्या देशांत वापरल्या जाणाऱ्या या गॅसपैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो, हेंहि विसरूं नये.

झांकणाची गोष्ट मात्र विस्तारानें सांगितली पाहिजे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटींहून अधिक उष्णता तेंच पाणी वाफ करून उडवून देण्यास लागते. म्हणून उघड्या पातेल्यांतून भसाभस निघणारी वाफ ही स्वयंपाकघरांतील सर्वांत मोठी चोर होय. उकळी आली कीं पाण्याचें तापमान तेथेंच थांबतें. ज्योत कितीहि मोठी केली तरी डाळ अधिक लवकर शिजत नाहीं, वाफ मात्र अधिक उडते. तेव्हां झांकण ठेवावें, आणि उकळी येतांच ज्योत बारीक करावी. या दोन कृतींस कांहीं खर्च नाहीं. डाळ आणि कडधान्यें आधीं भिजत घालावीं. प्रेशर कुकरमध्यें दाबामुळें पाणी एकशें वीस अंशांच्या आसपास तापतें, म्हणून त्यांत वेळ थोडा लागतो. आणि त्यांत वरण, भात, भाजी एकावर एक रचलीं कीं वैलाचें काम पुन्हां साधतें. इंदुमाधव मल्लिक या बंगाली गृहस्थांनीं सन १९१० च्या सुमारास काढलेला इकमिक कुकर ज्यांच्या घरीं होता त्यांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं. दोन-तीन शिट्या झाल्यावर कुकर लगेच उघडण्याची घाई करूं नये. आंतली आंच अजून काम करीत असते. जाड फडक्यांत किंवा गोधडींत गुंडाळलेलें भांडें अर्धा-पाऊण तास शिजणें पुढें चालवितें, आणि तें फुकट.

आपल्या ईस्ट इंडियन घरांत एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या आणि मसाल्याचे जिन्नस उन्हांत घालून वाळवितात, मग भाजून, कुटून बाटल्या भरतात. ही रीत मोडूं नये. तसेंच नाताळांत घरोघरीं विजेच्या भट्ट्या तापूं लागल्या आहेत. पूर्वीं केकाचीं ताटें नांव घालून गल्लींतल्या बेकरींत नेत, आणि पाव भाजून झाल्यावरच्या तापल्या भट्टींत तीं भाजून येत. जेथें अशी बेकरी अद्याप उरली आहे तेथें ती रीत पुन्हां सुरू करण्यास काय हरकत आहे? दोन-चार शेजाऱ्यांनीं एकाच्या घरच्या भट्टींत लागोपाठ ताटें घातलीं तरी प्रत्येक वेळीं थंड भट्टी तापविण्याचा खर्च वांचतो. गप्पा होतात, हा आणखी लाभ.

गारव्याकडे येऊं. जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो. अलीकडे निघालेले बीएलडीसी जातीचे पंखे तेवढाच वारा तीसच्या आसपास वॅटांत देतात. दिवसाला बारा तास फिरणाऱ्या पंख्यामागें महिन्याला सोळा युनिट वांचतात. नवे पंखे महाग आहेत हें खरें. म्हणून सगळे एकदम बदलूं नयेत, जो सर्वांत अधिक फिरतो तो प्रथम बदलावा. जुना जाडजूड खटक्यांचा रेग्युलेटर पंख्याची गति कमी करतो, परंतु वांचलेली वीज स्वतःच तापून उडवितो. तो मात्र आजच बदलण्यासारखा आहे. फ्रिज भिंतीस चिकटवूं नये, त्यांत गरम पातेलें ठेवूं नये, आणि दाराच्या रबरांत कागदाचा कपटा धरून पहावा. तो सहज निसटला तर गारवाहि तेथून निसटतच असतो. नवा घेतांना दाराची चकाकी पाहण्याआधीं त्यावरील ताऱ्यांची चिठ्ठी वाचावी. वर्षाला किती युनिट लागतील तें तीवर छापलेलें असतें. वातानुकूलन यंत्र हें पहिल्या खादाड कुटुंबाचा म्होरक्या. सन २०२० च्या जानेवारीपासून नवीं यंत्रें चोवीस अंशांवर लावूनच विकावीं असा सरकारी नियम झाला. एक अंश वर ठेवला कीं सुमारें शेंकडा सहा वीज वांचते, असें सरकारच्या ऊर्जा-दक्षता कार्यालयाचें म्हणणें आहे. अठरा अंशांवर लावून वर दुलई घेऊन निजणाऱ्यांस काय म्हणावें तें आम्हांस सुचत नाहीं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं गच्चीला पांढरा चुना द्यावा आणि पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून पडदा लावावा. ऊन आंत आल्यावर त्याशीं झगडण्यापेक्षां तें दाराबाहेर थांबविणें सोपें.

बिलासंबंधीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यांनीं चढतो : पहिल्या शंभर युनिटांचा एक, त्यापुढें तीनशेंपर्यंत दुसरा, पांचशेंपर्यंत तिसरा, आणि त्यावर चौथा. शंभराचा आंकडा ओलांडला कीं सगळेंच बिल महाग दरानें येतें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. महाग दर लागतो तो वरच्या युनिटांसच. परंतु दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीजवळ जातो. म्हणून महिन्याला एकशें तीस युनिट जाळणाऱ्या घरानें वाचविलेलीं शेवटचीं तीस युनिटें सर्वांत मोलाचीं. नुसतें सेट-टॉप बॉक्सचें बटण रात्रंदिवस चालू राहिलें आणि त्यानें दहा वॅट घेतले, तरी महिन्यास सात युनिट होतात. गीझरच्या वेळेंत रोज दहा मिनिटें कमी केलीं तर दहा. ज्या घरांत एकाच्या पगारावर पांच माणसें जेवतात, तेथें हा फरक म्हणजे मुलाच्या वह्या किंवा आजीचीं औषधें.

शेवटीं एक प्रयोग सांगतों. तो मुलांकडून करवून घ्यावा. विजेच्या मीटरवर एक तांबडा बारीक दिवा लुकलुकत असतो. एका युनिटास तो किती वेळां लुकलुकेल ती संख्या मीटरच्या तोंडावर छापलेली असते. पुष्कळांवर ती ३२०० असते. घरांतील सर्व खटके बंद करून एकच उपकरण चालू करावें आणि घड्याळ लावून एका मिनिटांत तो दिवा किती वेळां लुकलुकला तें मोजावें. त्या आंकड्यास साठानें गुणून ३२०० नीं भागिलें कीं तें उपकरण तासाला किती युनिट खातें तें कळतें. पंख्याला मिनिटास चार वेळां, गीझरला शंभराहून अधिक. हा फरक मुलानें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला कीं पुढें वडिलांनाच खटका बंद करण्याची आठवण त्याच्याकडून होते. आणि सर्व कांहीं बंद करून, फ्रिजची पिनहि काढून ठेवल्यावर जर तो दिवा लुकलुकतच राहिला, तर एक तर कोठें तरी वायर गळते आहे, नाहीं तर आपल्या मीटरवर दुसऱ्या कोणाचा दिवा जळतो आहे. अशा वेळीं शेजाऱ्याशीं भांडण्यापूर्वीं परवानाधारक वायरमन बोलवावा, आणि तो येईपर्यंत ओल्या हातांनीं कोणत्याहि खटक्यास स्पर्श करूं नये.